नव्व्याण्णव

झोम्बात डोंगराच्या पायथ्याशी एकाच इमारतीत
माझे दोन मार्गदर्शक.
वर म्वाफुलिर्वा सर : फळा, खडू,
‘गृहीत काय धरलंस?’
तळमजल्यावर काचेपा बाई : गोगलगायींच्या टाक्या, फॉर्मॅलिनचा वास,
‘पाण्यात उतरलीस कधी?’
मधल्या जिन्यात माझी पीएचडी,
दोन डगरींवर पाय,
चौथं वर्ष.
वर मी जंतूवाली, खाली आकडेवाली.
आई गावभर सांगते, आतुपेले डॉक्टर होतेय;
शेजारणी व्हिडिओ कॉलवर गुडघे दाखवतात.

चिल्वा तळ्याकाठची सोळा गावं,
लघवीतून रक्त जाणारी माणसं,
दोन हजार तीनशे चौदा ओळी.
माहीत नसेल तिथे ९९ लिहायचं, असा नियम.

ओळ चौदाशे सात. स्त्री. वय ९९.
बाकी एकही रकाना रिकामा नाही.
पाण्यात किती वेळा : रोज.
सॉफ्टवेअरनं तिचं वय पुसलं
आणि आजूबाजूच्या ओळी बघून
नवं दिलं : एक्केचाळीस.
सर म्हणाले, रीतसर आहे.
बाई म्हणाल्या, जाऊन बघ.

सायकल-टॅक्सीच्या कॅरिअरवर दीड तास,
दोन्ही बाजूंना वाळत घातलेली मातेम्बा मासळी.
नागामा दारात बसली होती, खवले तिच्या मनगटांपर्यंत.
वय विचारलं तर म्हणाली,
‘तळं आटलं तेव्हा रांगत होते.’
कुठल्या वेळी आटलं?
‘चारदा आटलं. चारदा भरलं.
यातलं तुला कुठलं लिहायचंय?’

म्हणजे नर्सला कळलं नव्हतं,
की कळलं होतं?
नर्सची बदली झालीय म्हणे. न्साञ्जेला.

मग तिनं विचारलं, ‘डॉक्टर ना तू?
मग सांग, पाण्यात उतरू की नको?’
माझ्याकडे उत्तर होतं,
पंच्याण्णव टक्के खात्रीचं,
वरची मर्यादा, खालची मर्यादा.
गावात नळ नव्हता.

ती बादली उचलायला वाकली,
तेवढ्यात मी उचलली.
काठावर बूट काढले. मोजे काढले.
पाणी कोमट, पायाखाली गाळ,
लव्हाळ्याला चिकटलेल्या त्या गोगलगायी,
ज्यांची लॅटिन नावं मला झोपेतही येतात.

रात्री फाइल उघडली.
तिच्या वयाचा रकाना तसाच ठेवला,
बाजूला तळटीप लिहिली, ती तीनदा खोडली.
मग सगळ्यांत खाली एक ओळ वाढवली,
जी प्रबंधात जाणार नाही :
स्त्री. वय २९.
पाण्यात किती वेळा : १.