तीन पॉइंट आठ सहा

गोर्डे डॉक्टर मिरज सोडून निघाले तेव्हा
फ्रीज स्टाफ नर्सला गेला, सायकल वॉचमनला,
आणि कंपाउंडर म्हणून आमच्या बाबांच्या वाट्याला
वहीएवढा एक काळा डबा.
"कॉम्प्युटर आहे," बाबा म्हणाले.
आईनं पिशवीत डोकावून विचारलं,
"बाकीचा कुठंय?"

बाकीचा नव्हताच.
पडदा म्हणजे आमचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही.
स्मरणशक्ती अठ्ठेचाळीस के,
लाईट गेली की तीही जायची,
आणि लाईट तर रोजच जायची.
खोडरबरासारखी करडी बटणं,
एकेकावर पाच-पाच शब्द कोंबलेले.
पी दाबलं की अख्खं 'प्रिंट' उमटायचं,
तोंड उघडायच्या आधीच वाक्य पुरं करणाऱ्या
आमच्या मोठ्या आत्यासारखं.
कोपऱ्यात तिरपा पट्टा: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा.
त्या मशीनचे रंग आम्ही तेवढेच पाहिले.

प्रोग्राम असायचा कॅसेटवर.
प्ले दाबलं की आधी लांब शीळ,
मग पत्र्यावर खिळा ओढत न्यावा तशी किरकिर,
पाच मिनिटं.
चौथ्या मिनिटाला एक ओळ: टेप लोडिंग एरर.
आवाज वाढवला. कमी केला.
बाबांनी एकदा उदबत्तीसुद्धा ओवाळली.
अकरा दिवस.

बाराव्या दिवशी भिंतीपलीकडून दस्तगीरचाचा आले,
बोटांना लाखेचा वास, भुवईवर भोपळ्याची भुकटी.
मला वाटलं, ओरडायला आले.
"पोरी, रोज वाजवतेस ते काय?"
"प्रोग्राम आहे."
"असू दे. पण त्याची जवारी बंद आहे."

डोळे मिटून त्यांनी ती किरकिर ऐकली,
गिऱ्हाइकाची सतार ऐकावी तशी,
तोंड वाकडं न करता.
मग टेपच्या हेडशेजारचा बारका स्क्रू
पाव फेरा. परत थोडा मागे.
आणि किरकिर उघडली.
दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.
पडद्यावर एक बेडूक आला,
रस्ता ओलांडायच्या तयारीत.

(त्या दिवसापासून आईच्या सगळ्या कॅसेट
घोगऱ्या वाजू लागल्या. ते वेगळं भांडण.)

चाचांनी बेडकाकडे बघितलंही नाही.
"हे गातं का?"
बीप होता. शून्याला सा धरला, दोनला रे, चारला ग.
"गंधार चढा आहे."
"चाचा, चार म्हणजे चार."
"पेटीवर असेल."

आकडा पूर्णच हवा, असं पुस्तकात कुठं लिहिलं नव्हतं.
तीन पॉइंट आठ. "पडला."
तीन पॉइंट नऊ. "केसभर खाली घे."
तीन पॉइंट आठ सहा.
चाचा काही बोलले नाहीत.
बोटानंच म्हणाले, परत.
परत.
डबा तापून तव्यासारखा झाला,
आई जेवायला हाका मारून थकली,
आणि आम्ही दोघं एकाच सुरापाशी बसून.

पुढं आतली पट्टी कोरडी पडून तुटली,
आधी वरची ओळ मुकी झाली, मग सगळीच.
आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका गुलाबात
तसली चार मशीनं सहज मावतील.
मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासते,
आणि नवी पोरं "स्क्रीनवर बरोबर दिसतंय" म्हणाली
की एकदा डोळे मिटून बघते. तेवढंच.

चाचा गेले. गेल्या मार्चमध्ये गल्लीत गेले होते,
त्यांचा नातू मोहसीन सतार लावत होता,
फोन समोर, फोनवर सूर मोजणारा काटा.
गंधाराला काटा मधोमध येईना,
डावीकडे चौदा घरांवर थांबला.
समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "अजून चढव की."
मोहसीननं खुंटीवरचा हात काढून घेतला.
"नाही," म्हणाला,
"तो तिथंच राहतो."