भोकांचा हिशेब

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांमागून नाला जातो.
त्याचं बाटलीभर पाणी घेऊन मी प्रयोगशाळेत येते
तेव्हा टॉवेलांचा निळा रंग अजून त्यात असतो.

गाळून, जिवाणूंच्या थरावर चार थेंब.
रात्रभर सदतीस अंश.
बाहेर सोलापूर त्रेचाळीसवर,
म्हणजे इनक्युबेटर हीच आमच्याकडची गार खोली.

सकाळी थाळीत भोकं.
टाचणीच्या डोक्याएवढी, स्वच्छ.

नान्ना कारखान्यात जॉबर होते. म्हणाले,
"भोक पडलेला माल सेकंडात जातो, अम्मा."
माझ्याकडे, नान्ना, भोक हाच माल.

पुण्याहून फोटो आला, लाखपट मोठा:
वीस त्रिकोणांचं डोकं,
त्यात कांडीवर भरावा तसा कोंबलेला धागा.
कांडी बोटभर धरली
तर धागा साखर पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
खाली मान, कड्याकड्यांचं शेपूट,
सहा पाय, गुडघ्यात वाकलेले.
पोट नाही. तोंड नाही.
पाय टेकले, शेपूट आवळलं, धागा आत.
रिकामी कांडी बाहेरच लटकत राहते.

दुसऱ्या जातीचा एक आहे, त्याला घाई नसते.
आत शिरून जिवाणूच्याच ताण्यात स्वतःला ओवून घेतो
आणि पिढ्यान्‌पिढ्या भाडं न देता झोपतो.
त्याला उठवायला मी जांभळा दिवा लावते, वीस सेकंद.

धाग्याची वीण बिघडते, मधेच तुटते.
जिवाणू आधी नीट सांधतो, जोडीदार धागा बघून, रंगाला रंग.
बिघाड वाढला की मग कसंही,
हाताला येईल तो तुकडा,
चूक झाली तर होऊ दे, माग थांबता कामा नये.
ती धावपळ कानावर पडते
आणि झोपलेला उठतो,
एकाचे शंभर होतात,
भिंत फोडून चालू पडतात.

मी सांगत होते तेव्हा नान्ना चादर चाचपत होते.
कारखाना बंद व्हायच्या आठवड्यातली, विकलीच न गेलेली.
मोराच्या मानेत हिरव्याच्या जागी
चार बोटं लाल.
"लाइट जायच्या आत उतरवायची होती," ते म्हणाले.
"हिरवा संपला होता."

मग बऱ्याच वेळाने:
"त्या झोपलेल्याला कळतं कसं,
की हे घर आता राहायचं नाही?"

मला त्या प्रथिनाचं नाव माहीत आहे.
मी सांगितलं.
त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, तेलुगू वळणाने,
आणि एवढ्या उकाड्यात
चादर उलटी करून पायांवर घेतली.