शनिवार, दुसऱ्यांदा

ऑकलंड. गेट क्रमांक अकरा. पाच वाजून दहा मिनिटं.
एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्यात तीन पासपोर्ट,
फोन खांदा आणि कान यांच्या बेचक्यात.
सान्तियागोहून एर्नान, माझा भाऊ, एवढंच म्हणाला,
"ताता गेले. तू सावकाश ये."

सावकाश.
अकरा तासांचं विमान, त्यात सावकाश काय येणार?

मी "बरं" म्हणाले.
खाली बसून नाउएलच्या बुटाची नाडी बांधली.
लहान मुलं असलेल्यांनी आधी यावं, असा पुकारा झाला,
आणि आम्ही आधी गेलो.

रांग एकतीस. इलेना मांडीवर, नाउएल खिडकीशी,
माझ्या दुसऱ्या बाजूला लेदेस्मा नावाचे गृहस्थ, चेरीचे व्यापारी.
त्यांनी आम्हाला पाहिलं
आणि देवाचं नाव घ्यावं तसे हेडफोन लावले.

विमान उठलं. इलेनाच्या कानांत दडे बसले.
तिनं असा टाहो फोडला की
मागून कुणाचा तरी उसासा आला,
पुढच्या दोन टकल्या डोक्यांनी वळून बघितलं.
मी सवयीनं माफी मागत सुटले, इकडे एकदा, तिकडे एकदा,
मग थांबले.
विमानात मोकळं रडायची मुभा
दोन वर्षांखालच्यांनाच असते.
रड बाई, म्हटलं,
कान दुखतायत तोवर
माझंही उरकून घे.

शौचालयात भिंतीतून उघडणारी फळी, मोठ्या ताटाएवढी.
तिच्यावर लाथा झाडणारी इलेना, माझ्या दातांत स्वच्छ नॅपी,
आरशात एक बाई.
तिच्या केसांना पास्त्याचं सॉस लागलं होतं.

नाउएलच्या पडद्यावर नुसता निळा रंग
आणि त्यावर न हलणारं पांढरं विमान.
"हे बंद पडलंय का?"
पाणी द्यायला आलेली मारामा त्याच्याशेजारी वाकली.
म्हणाली, "गंमत सांगू? आपण शनिवारी संध्याकाळी निघालो ना,
शनिवारी दुपारीच पोचणार. दीड वाजता."
तो बराच वेळ बोटं मोजत राहिला.
पाच वर्षांचा आहे, दहाच्या पुढे गाडी अडते.

"आई, आपण उतरू तेव्हा पाच वाजलेले नसतील?"
"नसतील."
"मग मामाचा फोन अजून आलाच नसेल."

म्हणजे त्यानं ऐकलं होतं.
नाडी बांधून घेताना, पाय पुढे करून, ऐकलं होतं सगळं.

मी भूगोल शिकवते. रेखांश सातवीला असतात.
एक संत्रं घेते, पेनानं उभ्या रेघा मारते,
मागच्या बाकावरच्यालाही कळतं.
समोरच्या ट्रेमध्ये संत्रं होतं.
मी ते रुमालाखाली सरकवलं.

कुठल्या देशाचे कोण जाणे, पण रात्रीचे तीन वाजले असावेत,
लेदेस्मांनी हेडफोन काढले, हात पुढे केले.
"द्या इकडे. मला चार नाती आहेत."
अंधाऱ्या बोळातून ते तिला घेऊन फिरत राहिले,
कानाशी चेरीच्या जाती पुटपुटत,
लापिन्स, सान्तिना, रेजिना, लापिन्स, सान्तिना,
आणि ती झोपली.
माझे हात इतके रिकामे झाले
की ते कुठे ठेवायचे सुचेना.

चाकं टेकली. एक पंचवीस.
बाहेर तोच शनिवार, न वापरल्यासारखा कोरा.
इलेनाचा एक बूट सीटखाली राहिला, हे दारात लक्षात आलं.
मागे माणसांची रांग. मी परत गेले नाही.

"आई, चल ना लवकर. पाच वाजायच्या आत."
दप्तर उडवत तो पुढे पळाला,
फळं हुंगणाऱ्या कुत्र्याला वळसा घालून.

काचेपलीकडे एर्नान असणार, काळ्या शर्टात.
मला सगळं माहीत होतं.
तरी त्या लांबलचक सरकत्या पट्ट्यावर
कडेवर मुलगी, तिचा एक पाय उघडा,
मी त्याच्यामागे
थोडी धावले.