फलक क्रमांक अकरा

एरवी मी द्राक्षांच्या खोक्यांवरची लेबलं करतो.
पिंपळगावचा माल, परदेशी जाणारा.
मण्यावरचा डाग माऊसने पुसायचा,
पांढुरकी झाक तेवढी ठेवायची,
ताजेपणा तिथे दिसतो म्हणतात.

उद्यान विभागातून बस्ते साहेबांचा फोन आला:
गंगापूर रोडच्या बागेत प्रदर्शन आहे झाडांचं,
अठरा फलक, जानेवारीच्या आत, दर मात्र महापालिकेचा.
थंडी पडली होती. कामही नव्हतं. हो म्हणालो.

नियम माझे मीच घालून घेतले.
मजकूर साठ शब्द.
अक्षर दीड मीटरवरून वाचता यावं,
वेलांटीचं टोक आणि रफाराची शेंडी
कटिंगमध्ये उडू नये.
पोराची उंची वेगळी, आजोबांचा चष्मा वेगळा,
दोघांच्या मधे कुठेतरी फळी तिरकी करायची.

साठात वावळा बसला, करंज बसला,
पांगाऱ्याचे तर आठ शब्द उरले.
उंबर बसेना.
त्याचं फूल फळाच्या आत असतं
एवढं सांगण्यातच चाळीस गेले.
राहिलेल्या विसांत ती इवली गांधीलमाशी,
आत शिरताना पंख गमावणारी.
'पंख गमावणारी' खोडलं.
साठ झाले.

पुंजाबा गांगुर्डे, एकतीस वर्षं इथले माळी,
प्रूफ हातभर लांब धरून बघत राहिले.
बरोबर आहे सगळं, म्हणाले,
फक्त उंबराखाली एवढी स्वच्छ जमीन
मी काही पाहिली नाही बुवा.
मी हसलो. जमीन तशीच ठेवली.
बस्ते साहेबांनी बोधचिन्ह दोन सेंटिमीटर वाढवलं
आणि सही केली.

अकरावा फलक हाताने वाचायचा.
पैसे एकाच अशा फलकाचे होते, म्हणून तो उंबराला दिला.
अंबडच्या वर्कशॉपमध्ये पान कोरून घेतलं,
शिरा उठावाच्या, खाली ब्रेलमध्ये नाव.
पान याच झाडाचं, स्कॅन केलेलं.
त्यावर बारीक फोड होते,
किड्यांनी घरं केलेल्या गाठी, चाळीसेक असतील.
त्या मी पुसल्या होत्या.
सवयीने. हात तसाच चालतो.

दुसऱ्या दिवशी अंधशाळेच्या मुली आल्या.
वनिता चौरे, सातवी, सुरगाण्याकडची.
तिने नाव वाचलं, मग पानाच्या देठापासून
टोकापर्यंत दोनदा बोट नेलं,
आणि विचारलं, हे कुठल्या झाडाचं?
म्हटलं, तू आत्ता वाचलंस ना, उंबराचं.
नाव उंबराचं आहे, ती म्हणाली. पान कुठलंय?

पुंजाबांनी खालची फांदी ओढून तिच्या हातात दिली.
तिने एक पान तळव्यावर पसरलं
आणि तिचं बोट एकदम हळू झालं,
ओळीवर होतं तसं.
एकाखाली एक, तीन गाठी.
ल, ती म्हणाली.
मग जरा पुढे सरकून: अ.
मग बराच वेळ काही नाही.
मग ती एवढ्या मोठ्याने हसली
की बाई रांग सोडून धावत आल्या.
याचं शुद्धलेखन फार वाईट आहे, बाई!

तरी पान तिने तोडलं, दप्तरात ठेवलं.
माझ्या फलकाला पुन्हा हात लावला नाही.

संध्याकाळी अंबडला फोन केला,
अकरा नंबर परत करायचाय, गाठींसकट.
तो म्हणाला, ठिपक्याला वेगळा दर पडतो, किती आहेत?
म्हटलं, थांब, मोजून सांगतो.
स्कॅन उघडून मोजता आलं असतं,
पण मूळ फाइल मी ठेवलीच नव्हती,
पुसलेलीच होती माझ्याकडे.

म्हणून आज उंबराखाली बसलोय डोळे मिटून.
एका पानावर सदतीस. एकावर चारच.
एकाचं टोक कुणीतरी खाऊन टाकलंय,
तिथे बोट आपोआप थांबतं.
कुठलं घ्यावं ठरत नाही.
खाली फळं फुटून चिकट झालीत, पँट खराब होतेय,
आणि पुंजाबा नळी ओढत आलेत, म्हणतायत,
पाय उचला, पाणी सोडायचंय.