मशीनवरची बाई

बापाने मशीन घेतली तेव्हा मी जन्मलो नव्हतो.
अर्जुनीच्या बाजारातून, बैलबंडीत, तणसात गुंडाळून
नव्या नवरीसारखी आणली म्हणे, तोंड झाकून.
काळीभोर. अंगावर सोनेरी वेल,
आणि वेलीच्या मधोमध ती:
तोंड बाईचं, धड वाघिणीचं, पाठीवर पंख.

कोण, ते बापाला ठाऊक नव्हतं.
खांडेनवमीला त्याने तिच्या कपाळाला कुंकू लावलं,
सुईपुढे लिंबू कापलं,
आणि पहिली शिवण घातली
ती कापडाला नाही, पळसाच्या पानाला.
"अगोदर रानाचा कपडा," म्हणाला, "मंग मानसाचा."

आता दुकान माझं. टिनाचं.
मागे बोडी, बोडीत कमळाचे देठ आणि म्हशी.

वारा सुटला की तिबेटी कॅम्पातली यांगझोम येते,
झाडीबोली माझ्याहून चोख.
निळं, पांढरं, लाल, हिरवं, पिवळं कापड,
तुकड्यातुकड्यावर एक घोडा
पाठीवर पेटलेलं रत्न घेऊन निघालेला.
दोरीवर शिवून दे म्हणते, काठ मुडपून.
जुन्या पताका मात्र कधी सांधू देत नाही.
"फाटल्या म्हंजे पोचल्या."

उरुसाच्या आधी रहेमतबी.
चादरीला गोटा, आणि घरच्या तसबिरीला झालर.
तसबिरीत घोडीचं अंग, मोराचं शेपूट, पंख,
आणि मुकुटाखाली बाईचा चेहरा.
मी तिकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं.
"रहेमतबी, हे तं माह्या मशीनची बहीन."
तिने चष्मा चढवला, वाकली, बराच वेळ.
"तोंडावरून दिसते खरी.
पन हिला लय दूर दिली असंल."

इस्तारी कुमरे तळहाताएवढी झूल मागतो
शिवेवरच्या मातीच्या घोड्यासाठी.
घोडा एस.टी.त आपटून लंगडा झालेला.
मी म्हटलं, देव बसंल का गा याच्यावर?
"देव कुठं बसते. देव पायीच येते.
घोडा सोबतीला."

मागच्या दिवाळीत नातू आला नागपूरहून.
फोनवर बोट फिरवून त्याने तिला शोधून काढलं.
वाळूच्या मुलखातली आहे, आजा.
मेलेल्या राजांच्या दारात बसते.
आणखी एका देशात म्हणे रस्ता अडवून कोडं घालते,
उत्तर चुकलं की खाते.
"पण हे नुसतं कंपनीचं चित्र आहे," तो म्हणाला.
मी पायटा थांबवला.

सत्तर वर्षं ती आमच्या घराण्यासमोर बसलेली,
आम्ही तिला तेल घातलं, कुंकू लावलं, मापं ऐकवली,
आणि एकदाही विचारलं नाही:
बाई, तुझं कोडं काय?

त्या रात्री लाइट गेलेली. बोडीत बेडकं.
मशीनवर हात ठेवून बसलो, तर मलाच सुचलं,
का तिनेच घातलं, कुणास ठाऊक:
सकाळी माझ्याकडून कुंची नेतो,
दुपारी बाह्या वाढवून मागतो,
तिन्हीसांजेला कंबर आत घ्यायला लावतो,
आणि रात्री त्याला कापड लागतं
पण शिंपी लागत नाही.
कोण?

उत्तर माहीत होतं. दिलं नाही.
तिनेही खाल्लं नाही.

आता चित्राचं सोनं उडालंय,
पंखाचा एक फराटा तेवढा उरलाय,
चेहरा बापाच्या आणि माझ्या बोटांनी पुसला.
कुंकू कुठे लावायचं ते बोटाला पाठ आहे.

डोळेही गेलेच म्हणायचे. सुईत दोरा सून ओवून देते.
परवा यांगझोमचे तीन घोडे उलटे शिवले गेले,
पाय आभाळाकडे.
उसवतो म्हटलं.
तिने माळ हातात धरून पाहिली, हसली.
"राहू दे गा. वारा बी तं फिरते."