खाण तशी माती

आमच्या गावाला पांढऱ्या मातीच्या खाणी आहेत.
जॉर्जियाची वरची जमीन लाल, खाली हे पीठ;
दूर कुठेतरी कागद गुळगुळीत करायला जातं.
ट्रेव्हियनचा बाप खाणीतून यायचा
तेव्हा भुवया पांढऱ्या, श्वासाला वास.
पुढे तो आलाच नाही.
पोरगं अकरा वर्षांचं, आणि लोकांचं ठरलेलं:
खाण तशी माती.

मी सकाळी शाळेची बस चालवते.
मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात खुर्च्या मांडते.
सात मंगळवार. आया, पोरं, कुणाची मावशी.
आधी चिकन, मग बोलणं.

पहिल्या दिवशी विद्यापीठाची मुलगी नळ्या घेऊन आली.
म्हणाली, यात थुंका.
व्हर्नेल तिच्याकडे बघतच राहिली.
आपल्यावर थुंकलेलं आठवणारी माणसं
अजून जिवंत आहेत या गावात.
मुलीचे कान लाल झाले.
मग तिने नीट सांगितलं:
एका जनुकाच्या दोन तऱ्हा, एक लांब, एक आखूड.
आखूडवाल्याला जग जास्त लागतं.
वाईट लागतं, तसं चांगलंही.
व्हर्नेलने सही केली. नळी लेकाच्या हातात दिली.

माझ्या बसमध्ये बावन्न पोरं.
आरशात बघितलं, कुणाचंच काही कळलं नाही.

पाचव्या मंगळवारी
आयांनी एका खोलीत घरातला एक नियम लिहायचा,
पोरांनी दुसऱ्या खोलीत तोच, त्यांना समजला तसा.
व्हर्नेलने लिहिलं: दहाच्या आत घरी.
ट्रेव्हियनने लिहिलं:
मी येईपर्यंत ती बूट काढत नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवले
आणि मी उरलेलं चिकन बांधायला घेतलं.

सहा वर्षांनी एका शनिवारी, तळ्यावर,
गाड्या, बाटल्या, आणि आणखी काय काय.
साडेबाराला त्याचा फोन: ने मला.
ती गेली. बूट पायातच होते.
दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर
माझ्याशीच भांडल्यासारखी म्हणाली,
अडीच तास उशीर!

अहवाल आला. आकडे आहेत, आमची नावं नाहीत.
तो लांब की आखूड, मी विचारलं नाही.

खाण तशी माती, असेलही.
पण खाणीतून निघालेली माती कुणी तशीच नेत नाही.
आधी पाण्यात कालवतात,
आणि वाळू खाली बसेपर्यंत
थांबतात.