सात पुष्कळ

मुहर्रकच्या गल्लीत दुपारी दीडला
डांबरही चपलेला धरून बसतं, सोडत नाही.
बू राशिदची तक्रार चौथ्यांदा आली होती:
पारवा उडतो आणि अर्ध्यातच थांबतो.

म्हणजे पडद्यावर. म्हातारा कबुतरं विकतो.
कुवेतची गिऱ्हाइकं व्हिडिओवर पंख बघून भाव करतात;
इथे पंख उघडतो, तिथे पाच मिनिटं उघडाच.
“मेलेलं पाखरू कोण घेणार?” तो मला विचारतो,
जणू मीच मारलंय.

मीटर लावला. एक्स्चेंजपासून अडीच किलोमीटर,
तीन मेगाबिट, तेही धापा टाकत.
तांबं माझ्या वयाचं असेल.
खांबावरची पेटी उघडली तर सांधे कळकलेले, हिरवेगार.
बाणकोटच्या घरातलं बिनकल्हईचं पातेलं आठवलं,
त्यात कढी ठेवली म्हणून आईनं बदडलं होतं.
इथे चिंच चालत नाही.
टोकं खरवडली, नवी जोडली, जेलच्या टोप्या चढवल्या,
पीळ सुटलेल्या जोड्या पुन्हा घट्ट पिळल्या,
सैल पडल्या की त्या शेजाऱ्याचं ऐकायला लागतात.
टेकबहादूर खालून ओरडला, सात!

पण आलेखात एक खड्डा राहिलाच.
कुठेतरी जास्तीची डहाळी होती,
मुख्य तारेतून फुटलेली, कुठेच न पोचणारी.
संदेश तिच्यात शिरतो, बंद टोकाला डोकं आपटतो,
परततो उशिरा,
आणि मागून येणाऱ्याच्या पायांत येतो.
कापली की नऊ. दोन मिनिटांचं काम.

तारेमागे गेलो: जिन्याखालून, खुराड्याच्या पाठून,
मग सरळ मधल्या भिंतीत.
घर समुद्रातल्या दगडाचं,
ही भिंत तेवढी सिमेंटच्या विटांची.
पलीकडे कोण?
बू राशिद दाण्यांचं डबडं हलवत राहिला.
“भाऊ. एकोणीस वर्षं.”
कसली, ते मी विचारलं नाही.
आमच्याकडे हातभर बांधावरून याहून उंच भिंती झाल्यात.

“त्याला काही ऐकू जातं?”
नाही, म्हटलं, फोन त्यानं कधीच काढला असेल.
तुमचंच तुम्हाला परत येतं.
“कापली तर?”
नऊ.
“नाही कापली तर?”
सात.
त्यानं एक पारवा उचलला, मोबाइलसमोर धरला.
पंख उघडला. अडखळला. मिटला.
“सात पुष्कळ.”

पक्कड खिशात टाकली.
पुढच्या वर्षी या गल्लीत काचेची तार येणार,
तांबं उपसून किलोच्या भावानं जाणार,
हे सांगायला तोंड उघडलं
तर त्यानं केशराचा चहा पुढे केला.

अहवालात लिहिलं: सांधे दुरुस्त. अंतर फार.
याहून वेग शक्य नाही.
टेकबहादूरनं आलेख बघितला, मग मला,
आणि शिडीची घडी घालायला लागला.